जाहिरातींपुरतं

गुप्तहेर दार ढकलतो, आत कुणीतरी आहे,
संगीत चढतं, अजून चढतं,
आणि पडदा काळा.
दीड सेकंद. मी मोजलाय.
लगेच दार उघडं, आतला माणूस, हातात पिस्तूल,
जसं काही मधे घडलंच नाही.

मधेच तर सगळं घडायचं.

डुलुथच्या उतारावरचं आमचं घर.
वडील खनिजाच्या धक्क्यावरून यायचे, बूट दारात,
कानांत दिवसभराचं लोखंड.
नियम एकच: मालिका चालू असताना ब्र काढायचा नाही.
म्हणून आमचं बोलणं जाहिरातींपुरतं.
साबण सुरू झाला की आई तोंड उघडायची:
तळघरात पाणी शिरलंय,
दुधाचं बिल राहिलंय,
रेइनोचं नाक कुणी फोडलं ते त्यालाच विचारा.
दोन मिनिटांत मुद्द्यावर यायचं.
पाल्हाळ लावलं तर गुप्तहेर येऊन गप्प करायचा.

रेइनोला सैन्याचं बोलावणं आलं
ते कळलं टायर आणि कॉफी यांच्या मधे.
"कधी?" वडील म्हणाले.
"सोळा तारखेला."
पडद्यावरची बाई कपाची वाफ हुंगून हसली,
मालिका पुन्हा सुरू झाली.
त्या भागातला खुनी मला अजून आठवतो. माळी निघाला.

काखेतली गाठ आईने सांगितली मार्गारीनच्या वेळी.
वडील टीव्हीकडेच बघत राहिले.
जाहिरात संपली, गुप्तहेर गाडीतून उतरला,
तेव्हा ते उठले आणि आवाज कमी केला.
बंद नाही केला. कमी केला.
त्यांच्या मानाने ते फार होतं.

या नाताळात शेलीने फिनिक्सहून
बिनजाहिरातींची वर्गणी भरून दिली.
"आई, आता सलग बघ, कुणी मधे येणार नाही."
खरंच कुणी येत नाही.
तासाची मालिका पन्नास मिनिटांत आटोपते.
उरलेली दहा मिनिटं आमची होती,
कापून, दोन्ही कडा जुळवून,
शिवणीवर तेवढा काळा ठिपका ठेवलाय.

रिमोटवर थांबवायचं बटण आहे, शेली सांगते.
पण ते दाबायला
बोलण्यासारखं काही आधीपासून हाताशी असावं लागतं.
जाहिरात न विचारता यायची.
त्या साबणासमोर नुसतं बसून राहायची लाज वाटायची,
म्हणून माणूस बोलून जायचा.

फेब्रुवारीत मी ती वर्गणी गुपचूप बदलली,
स्वस्तातली घेतली, जाहिरातींची.
यांना जागा कळत नाही.
काळा ठिपका रिकामाच जातो
आणि पुढे तिसऱ्याच ठिकाणी, "खुनी आहे आप—"
गुडघ्याचं मलम.
परत तेच मलम. परत तेच.

तरी दोन मिनिटं ती दोन मिनिटंच.
मी फोन उचलते.
पुलापलीकडे, सुपीरियरच्या वृद्धाश्रमात,
रेइनो हाच भाग बघत असतो, आम्ही ठरवून लावतो.
युद्धातून तो एक कान घालवून आला,
त्यामुळे त्याचा टीव्ही मला इथे ऐकू येतो.
"माझ्याकडे अजून चालू आहे," तो म्हणतो,
अगदी वडिलांच्या आवाजात.

मी गप्प बसते.
माझं मलम संपतं, माझा गुप्तहेर जिना चढू लागतो,
मी त्याचा आवाज कमी करते.
खिडकीबाहेर सरोवरावर बर्फ फोडणारी बोट,
फोनमधे पुलापलीकडचं संगीत, चढत, चढत,
अर्ध्या शब्दावर तुटतं.
कुणीतरी मांजराच्या खाण्याबद्दल आनंदाने बोलू लागतं.

"हं," रेइनो म्हणतो. "बोल."